पत्र्याची पेटी आणि घरचा सर्व्हर

आपल्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते. पलंगाखाली सरकवलेली किंवा माळ्यावर चढवलेली. तिच्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, जातीचा दाखला असतो, वडिलांच्या नोकरीची ऑर्डर असते, आणि लग्नाचा अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. पावसाचे पाणी घरात शिरू लागले की माणसांच्या पाठोपाठ ही पेटी उचलायची, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत या पेटीत नवे फारसे काही पडलेले नाही. नवे सगळे मोबाईलमध्ये गेले. निम्मे आईच्या मोबाईलमध्ये, निम्मे मुलाच्या, आणि राहिलेले कोणाच्या हे कोणालाच सांगता येत नाही.

ही बाब किरकोळ नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला महाराष्ट्रात जात वैधता प्रमाणपत्र काढावयाचे असेल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे पणजोबा-आजोबांच्या शाळेचा उतारा. अलीकडचे सरकारी दाखले २०१५ पासून सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये मिळू शकतात; आजोबांचा उतारा तेथे आपोआप येऊन बसत नाही. आमच्या नात्यातील एका मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मूळ उतारा वाळवीने खाल्लेला निघाला. त्याचा फोटो काकांच्या मोबाईलमध्ये होता, आणि तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून कोरा होऊन परत आलेला. शाळेत चकरा मारून, जुनी रजिस्टरे काढायला लावून नवा उतारा मिळाला, पण त्यात घरातल्या सर्वांचा जीव टांगणीला लागला. फोटोची प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही हे खरे. तरीही तिच्यावर शाळेचे नाव, रजिस्टर क्रमांक आणि तारीख असते, आणि तेवढ्यावर नवा उतारा मागता येतो.

त्यानंतर आम्ही घरात एक सर्व्हर उभा केला. हा शब्द ऐकून वाचक भगिनींनी पान उलटू नये! सर्व्हर म्हणजे वातानुकूलित खोलीतले अगडबंब यंत्र नव्हे. जो संगणक स्वतःजवळच्या वस्तू दुसऱ्या संगणकांना आणि मोबाईलना मागितल्याबरोबर देतो, तो सर्व्हर. कपाटात पडलेला जुना लॅपटॉपही हे काम उत्तम करतो. ज्याला ‘क्लाऊड’ म्हणतात तो ढग वगैरे काही नसतो; दुसऱ्याच्या जागेतला, दुसऱ्याच्या मालकीचा संगणक असतो. तेथे पहिले काही जीबी फुकट, पुढे दरमहा पैसे. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली, तेव्हा पुष्कळ कुटुंबांना हे प्रथमच उमगले. पैसे भरणे वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण सगळीच ठेव परक्याच्या घरी, आणि आपल्या घरी एकही प्रत नाही, हे बरे नव्हे.

आता लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात. संगणक चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिचा गाभा लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहिला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. प्रणाली कोणीही वापरावी, तिची आतली रचना कोणीही वाचावी, बदलावी आणि पुढच्याला द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. लिनक्सनेही १९९२ मध्ये त्याच धर्तीचा परवाना स्वीकारला. विद्येला कुलूप नसावे हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आम्ही निवडलेली आवृत्ती डेबियन. इयान मर्डॉक यांनी ती १९९३ मध्ये सुरू केली, आणि तेव्हाची त्यांची मैत्रीण डेब्रा हिचे व स्वतःचे नाव जोडून हे नाव ठेवले. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. एका आवृत्तीला दुरुस्त्या साधारण पाच वर्षे मिळत राहतात, म्हणून घरच्या सर्व्हरला ती सोयीची. दर सहा महिन्यांनी नव्याने मांडामांड करण्याची हौस संसारी माणसाला परवडत नाही.

यंत्र कोणते घ्यावे

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळसे चांगले चालणारे लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसले नाहीत. असा एखादा लॅपटॉप घरात किंवा नात्यात असेल तर नवे काही विकत घेऊ नये. ६४ बिटचा प्रोसेसर पाहिजे. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिट संगणकांसाठी स्थापनेची सोय राहिलेली नाही. रॅम चार जीबी असली तरी फायली ठेवणे-देणे सहज होते. स्क्रीनला तडा गेलेला असेल, कीबोर्डची दोन बटणे पडली असतील, तरी चालते. एकदा मांडणी झाली की स्क्रीन लागतच नाही.

लॅपटॉपचा आणखी एक गुण असा, की त्याची बॅटरी हीच वीज गेल्यावर कामास येते. मात्र बॅटरी फुगलेली असेल, खालची बाजू टेबलावर डगमगत असेल, तर ती प्रथम जाणकाराकडून काढून घ्यावी. फुगलेली बॅटरी रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रात ठेवणे म्हणजे घरात विस्तव ठेवणे होय.

आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, “हा रात्रंदिवस चालूच राहणार? मग लाईटबिल कोण भरणार?” प्रश्न रास्त होता, म्हणून हिशेब मांडला. स्क्रीन बंद असलेला साधा लॅपटॉप पंधरा वॅटच्या आसपास वीज घेतो. पंधरा वॅट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, म्हणजे १०.८ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला शहाऐंशी-सत्त्याऐंशी रुपये. जुना डेस्कटॉप साठ वॅट घेत असेल तर हेच त्रेचाळीस युनिट होतात आणि बिल साडेतीनशेच्या जवळ जाते. “मग लॅपटॉपच बरा,” असा निकाल त्यांनी दिला.

स्थापना

प्रत्यक्ष स्थापनेला अर्धा-पाऊण तास लागतो. तयारीला त्याहून जास्त. डेबियनच्या स्थळावरून लहान आकाराची ‘नेटइन्स्ट’ फाईल उतरवून घ्यावी. ती नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही. रूफससारख्या कार्यक्रमाने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, आणि पुढे लॅपटॉपच्या डिस्कवरचेही सर्व पुसले जाणार असते. म्हणून लॅपटॉपमध्ये कोणाचे काही राहिले आहे काय, हे घरातल्या प्रत्येकाला विचारावे. एकदा विचारून भागत नाही. आमच्या घरी तिसऱ्यांदा विचारल्यावर थोरल्या मुलाला कॉलेजचा प्रकल्प आठवला.

लॅपटॉप सुरू होताना एफ-२ किंवा एफ-१२ (कंपनीप्रमाणे बटण बदलते) दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करावयाचा. डेबियनची स्थापना मराठीतूनही करता येते, आणि पडद्यावर मराठी शब्द उमटलेले पाहून आनंद होतो. तरीही सर्व्हरची भाषा इंग्रजी ठेवावी असे आम्ही सुचवू. काही अडले तर चुकीचा संदेश जसाच्या तसा शोधता येतो, आणि उत्तरे बहुधा इंग्रजीत असतात. फायलींची नावे मराठीत ठेवायला त्याने अडचण येत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

पुढे यंत्राचे नाव विचारले जाते. आम्ही ‘पेटी’ ठेवले. मग ‘रूट’ म्हणजे मुख्य अधिकाऱ्याचा पासवर्ड मागतात. ती जागा रिकामी सोडली तर डेबियन रूटचे खाते बंद ठेवते आणि पुढे तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याला गरजेपुरता अधिकार वापरण्याची मुभा देते. घरासाठी हेच बरे. डिस्कच्या विभागणीत ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा सोपा मार्ग घ्यावा. शेवटी कोणते कार्यक्रम बसवावे अशी यादी येते. तेथे डेस्कटॉपच्या खुणा काढून टाकाव्यात आणि ‘एसएसएच सर्व्हर’ व ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ या दोनच ठेवाव्यात. म्हणजे खिडक्या, चित्रे, माऊस काही नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. नवख्याला हा पडदा भयाण वाटतो. पण एसएसएचमुळे पुढचे सारे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुसऱ्या संगणकावरून करता येते, आणि लिहून ठेवलेली आज्ञा वहीतून पाहून टाईप करणे हे दहा खिडक्यांत योग्य बटण शोधण्यापेक्षा सोपे जाते.

लॅपटॉपला सर्व्हर करताना एक खोच असते. झाकण मिटले की तो झोपी जातो. ‘लॉगइनडी’च्या सेटिंग फाईलमध्ये ‘हँडल लिड स्विच’ या ओळीपुढे ‘इग्नोर’ लिहिले की झाकण मिटूनही तो जागा राहतो. दुसरे काम राउटरमध्ये. राउटर प्रत्येक यंत्राला घरातल्या घरात एक आकडी पत्ता देतो, आणि तो अधूनमधून बदलतो. सर्व्हरचा पत्ता बदलला तर मोबाईलना तो सापडणार कसा? म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवावा. शक्य असेल तर वायफायऐवजी वायरने जोडावा. मोठ्या फायली पाठवताना फरक चटकन कळतो.

डिस्क आणि नावे

कागदपत्रे आणि फोटो यांसाठी आम्ही बाहेरून जोडायची एक डिस्क लावली. ती सर्व्हर सुरू होताना आपोआप जोडली जावी म्हणून ‘एफएसटॅब’ नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहावी लागते. त्या ओळीत डिस्कचे नाव नव्हे, तर तिचा यूयूआयडी हा लांबलचक ओळख-क्रमांक द्यावा. कारण नाव वायर इकडची तिकडे लावली की बदलू शकते. आणि त्याच ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घालावा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्कची वायर निसटली असेल, तर सर्व्हर सुरू होतानाच अडकून बसतो, आणि बंद झाकणाच्या आत तो काय मागत आहे हे कोणाला दिसत नाही.

ही डिस्क घरातल्या विंडोज संगणकांना व मोबाईलना दिसावी यासाठी ‘सांबा’ नावाचा कार्यक्रम आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याची सुरुवात केली. येथे बहुतेक जण अडखळतात ते पासवर्डवर: लिनक्सचा पासवर्ड वेगळा आणि सांबाचा वेगळा द्यावा लागतो. पहिला दिला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही. आम्ही तीन फोल्डर केले. ‘कागदपत्रे’ सर्वांना वाचता येतात, पण बदलण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार दोघांनाच. ‘फोटो’ सर्वांसाठी. आणि प्रत्येकाचा एकेक खासगी फोल्डर, जो आईबापांनाही उघडता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने तिसऱ्याची मागणी केली होती आणि आम्हाला ती योग्य वाटली. (प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ज्याच्याकडे मुख्य अधिकार आहे तो यंत्रात शिरून काहीही पाहू शकतो. हे मुलीला आधी सांगितले, मगच तिने फोल्डर वापरायला घेतला.)

नावे खुशाल मराठीत द्यावीत. ‘आजोबा शाळेचा उतारा’ हे नाव आजीला वाचता येते, ‘आयएमजी’ आणि आठ आकडे वाचता येत नाहीत. फक्त एक मर्यादा माहीत असावी. लिनक्सच्या नेहमीच्या ‘ईएक्सटी-४’ या रचनेत फाईलच्या नावाला २५५ बाइटची जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक वेगळे मोजले जातात. त्यामुळे मराठी नाव सुमारे पंच्याऐंशी चिन्हांत संपवावे लागते. विंडोजवर चाललेले लांबलचक मराठी नाव येथे कॉपी होताना नाकारले जाते ते यामुळे. डिस्क बिघडलेली नसते.

फोटोंसाठी ‘इमिच’ नावाचा मुक्त कार्यक्रम मिळतो. मोबाईलमधले फोटो तो घरच्या सर्व्हरवर आपोआप आणतो आणि चेहऱ्यांवरून माणसे ओळखून वेगळी लावतो, तेही घरातच, फोटो बाहेर न पाठवता. त्याला मात्र चार जीबी रॅम पुरत नाही, आठ असावी.

दार उघडावे काय

बाहेरगावाहून सर्व्हर उघडता येईल काय, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. राउटरमध्ये ‘पोर्ट’ उघडून सर्व्हर जगाला दाखवण्याचा मार्ग कोणीतरी सुचवतेच. तो घेऊ नये. उघड्यावर ठेवलेल्या यंत्राचे कुलूप जगभरातले आपोआप चालणारे कार्यक्रम लागलीच हलवून पाहू लागतात. शिवाय आपल्याकडे पुष्कळ इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. त्यापेक्षा ‘वायरगार्ड’ ही पद्धत बरी. ती मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. बाहेरचा पत्ता वाटलेला असेल तर तिच्यावरच उभारलेली ‘टेलस्केल’ ही सेवा काम भागवते, मात्र तिची नोंदणी एका कंपनीकडे होते हे ध्यानात ठेवावे. आम्ही पहिले चार महिने बाहेरून काहीच उघडले नाही आणि कोणाचे काही अडले नाही.

सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसाव्यात म्हणून ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हा कार्यक्रम चालू करावा. एवढे केले की रोज पाहण्याची गरज उरत नाही.

दुसरी प्रत

येथे मात्र वाचकांनी थांबून वाचावे. सर्व्हर उभा केला म्हणजे फोटो सुरक्षित झाले, ही समजूत सर्वांत घातक. आधी फोटो पाच मोबाईलमध्ये विखुरलेले होते, आता ते एका डिस्कवर एकत्र आले. ती डिस्क गेली तर सर्वांचे सर्व गेले. छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

दुसऱ्या डिस्कवर प्रत घेण्यासाठी ‘आरसिंक’ हा कार्यक्रम आहे. तो बदललेले तेवढेच नेतो, म्हणून रोज रात्री दोन वाजता आपोआप चालवता येतो. पण नुसती जुळी प्रत ठेवली तर एक धोका राहतो. रविवारी मुलाने चुकून फोल्डर पुसला आणि सोमवारी पहाटे जुळी प्रतही तशीच रिकामी झाली! म्हणून आम्ही ‘लिंक-डेस्ट’ ही सोय वापरून प्रत्येक रात्रीचा तारीखवार फोल्डर ठेवतो. न बदललेल्या फायली पुन्हा जागा खात नाहीत, आणि गेल्या बुधवारी घर कसे होते ते पाहता येते. आज्ञेच्या सुरुवातीला डिस्क खरोखर जोडलेली आहे की नाही याची तपासणीही घालावी. ती नसेल तर प्रत लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर साठू लागते आणि एक दिवस तीच भरून जाते.

तिसरी प्रत नागपूरला नणंदेच्या कपाटात आहे. दर दिवाळीत आणि मे महिन्यात डिस्कची अदलाबदल होते. ही डिस्क प्रवासात हरवू शकते, म्हणून तिच्यावर ‘लक्स’ पद्धतीने कुलूप घातले आहे. घरातल्या डिस्कवर तसे कुलूप घातले नाही. कारण वीज जाऊन आली की सर्व्हर पासवर्ड मागत थांबला असता आणि घरात त्या वेळी आजीच असती. लक्सचा पासवर्ड विसरला तर त्याला कोणताही उपाय नाही, म्हणून तो कागदावर लिहून खऱ्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे.

त्याच कागदाबरोबर एक दोनशे पानी वहीही आहे. सर्व्हरचा पत्ता, कोणती डिस्क कशासाठी, दिलेली प्रत्येक आज्ञा, बंद कसा करावा आणि चालू कसा करावा, हे सर्व तिच्यात मराठीत लिहिले आहे. घरातल्या एकाच हुशार मुलाला सारे ठाऊक, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर यंत्र धूळ खात पडलेले, असे आम्ही दोन घरांत पाहिले. म्हणून आमच्याकडे वही मुलीने लिहिली आणि तिच्या आईने वहीत पाहून, कोणाला न विचारता, सर्व्हर एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. दोन ठिकाणी अडले. त्या दोन ओळी वहीत नव्याने लिहिल्या.

प्रत परत मिळते की नाही हेही पाहावे लागते. दर तीन महिन्यांनी आजी एक नाव सांगतात आणि मुलीने ती फाईल मूळ डिस्कवरून न घेता दुसऱ्या प्रतीतून काढून दाखवायची, असा परिपाठ आहे. पहिल्या खेपेस त्यांनी आपल्या सासऱ्यांचा उतारा मागितला. तो छापून हातात दिला तेव्हा चष्मा लावून त्यांनी तारीख तपासली, आणि मग विचारले, “कॅसेट पण राहतील का यात?”

त्यांच्या ट्रंकेत एकतीस कॅसेट आहेत. वस्तीतल्या गायन पार्टीची भीमगीते, लेकीच्या लग्नातली गाणी, आणि दळताना त्यांच्या आईने म्हटलेल्या ओव्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या खाचेतून संगणकात वायर लावून, ‘ऑडॅसिटी’ या फुकट कार्यक्रमाने त्या भरता येतात. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटे लागतात, घाई करता येत नाही. आणि ध्वनी न गाळता ठेवला तर मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा जाते. भरण्यापूर्वी फीत एकदा हाताने शेवटपर्यंत फिरवून घ्यावी, नाहीतर इतक्या वर्षांनी ती चिकटून तुटते. रविवारी दुपारी एक कॅसेट, असा क्रम ठेवला आहे. ओव्यांची आधी घेतली. आतापर्यंत बारा झाल्या.